द्राक्षातलं आम्ल नेमकं कुठल्या डिपार्टमेंटचं?

कोनिकल

नाशिकमधल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, १९ वर्षं झाली. धागा काढायचं कारण एक साधं टायट्रेशन (द्रावण थेंबाथेंबानं मोजून घालत आम्ल किती ते काढणं).

गेल्या फेब्रुवारीत एसवायच्या बॅचला नेहमीचा प्रयोग लावला होता, कॉस्टिक सोडा विरुद्ध ऑक्झॅलिक. मुलं सरावानं कामाला लागलेली. पायलट रीडिंग, मग तीन रीडिंगा, मग सीबीआर (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणजे जुळलेलं रीडिंग), मग शेजारच्याचा सीबीआर बघून स्वतःच्या सीबीआरवर हळूच हात फिरवणे. दिंडोरीकडून येणारा एक मुलगा ब्युरेट भरता भरता म्हणाला, "मॅडम, आमच्या बागेत व्यापारी येतो, ब्रिक्स, म्हणजे गोडी, बघतो आणि भाव करतो. आंबट किती आहे ते कोणीच मोजत नाही. ते ह्याच्यात मोजता येईल का?"

येईल की, म्हणाले. आणि मग जाणवलं की द्राक्षांच्या गावात राहून १९ वर्षांत मी ते एकदाही मोजलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो थॉमसन जातीच्या द्राक्षांचे चार घड घेऊन आला. रस पिळून मलमलीतून गाळला. १० मिली रस, थोडं डिस्टिल्ड वॉटर, फिनॉल्फ्थॅलीनचे (आम्ल संपलं की गुलाबी होणारा दर्शक) थेंब, ब्युरेटमध्ये ०.१ नॉर्मल सोडा. टार्टारिक आम्लाचा सममूल्यभार ७५, म्हणजे जितके मिली पडतील त्याच्या पाऊणपट ग्रॅम आम्ल एका लिटरात. (रसात मॅलिक आम्लही असतं, पण हिशेब टार्टारिकच्या नावानं मांडायची पद्धत आहे.) तीन गटांचे आकडे आले ७.२, ९.१ आणि ७.९. तिन्ही गटांचे चेहरे पडले. "मॅडम, चुकलं." कोणाचं चुकलं ते मात्र सांगता येईना, कारण जुळवून घ्यायला माझ्या वहीत 'बरोबर उत्तर' नव्हतंच. मग एका मुलीच्या लक्षात आलं, ७.२ वाल्यांनी घडाच्या खांद्याकडचे मणी घेतले होते आणि ९.१ वाल्यांनी शेंड्याचे. खांद्याकडचे मणी आधी पिकतात. प्रयोग तिथून वनस्पतिशास्त्रात शिरला.

तिसऱ्या दिवशी काळी द्राक्षं आली, सालीसकट मिक्सरला लावलेली. सोडा पडायला लागला तसा रस लालचा जांभळा, जांभळ्याचा हिरवट झाला. फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी त्यात कुठे शोधणार? अर्धी बॅच हिरव्यावरच थांबली. सालीतलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य स्वतःच दर्शक आहे हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते, पण ते असं आडवं येईल हे डोक्यात आलं नव्हतं. शेवटी डेड स्टॉक रजिस्टरला नोंद असलेला आणि कुलपात असलेला पीएच मीटर बाहेर काढला, ८.२ ला थांबायचं ठरवलं, आलेख काढला. त्यावरून पुढचा प्रश्न आला. टार्टारिकला सुटे होणारे दोन प्रोटॉन आहेत, तर आलेखात उडी एकच का? त्याचे दोन पीकेए (प्रोटॉन किती सहज सुटतो त्याचं माप) ३.० आणि ४.४ च्या आसपास आहेत, इतके जवळ की दोन पायऱ्या एकमेकींत मिसळतात. फिजिकलच्या पेपरात हा प्रश्न येतो आणि मुलं पाठ करून लिहितात. त्या दिवशी त्यांनी तो मला विचारला.

आता अडचण. हे सगळं जर्नलमध्ये 'उद्देश' म्हणून कसं लिहायचं? एक्सटर्नलनं विचारलं तर मार्क कशाचे द्यायचे? नव्या शैक्षणिक धोरणात मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह असं बरंच काही आलं, पण हा प्रयोग नेमका कुठल्या कप्प्यात बसतो ते मला सापडेना. असे विषयांच्या सीमेवरचे प्रयोग पदवीला कोणी करून घेतले आहेत का? काय जमलं आणि कुठे फसलं तेही लिहा.

जुना_मास्तर

३४ वर्षं ब्युरेटच्या संगतीत काढली, आता निवृत्त. ताई, प्रयोग आवडला. पण एक विचारतो, राग मानू नका. ७.२, ९.१, ७.९ हा फरक मण्यांचा आहे की हातांचा, हे तुम्हाला कसं कळलं? ज्या पोराला मेनिस्कसच्या (ब्युरेटमधल्या द्रावणाच्या वक्र पातळीच्या) रेषेत डोळा धरता येत नाही, त्याला द्राक्षाच्या खांद्याचं आणि शेंड्याचं अंतर काय कळणार? आधी एकच रस तिन्ही गटांना द्यायला हवा होता. आधी हात बसू दे, मग आंतरशाखीय काय करायचं ते करा. आमच्या वेळी पिपेट तोंडानं ओढायचे, ते बंद झालं ते बरंच झालं, पण एक मिलीचा विसावा भाग ओळखायची शिस्त त्याबरोबर गेली.

कोनिकल

सर, रास्त बोललात. हा घोळ मला चौथ्या दिवशी कळला. सगळा रस एका बीकरमध्ये मिसळून वाटला तेव्हा ७.८, ७.९, ७.८ आले. त्यातला एक गट आधी ८.३ वर होता, त्यांच्या ब्युरेटच्या तोटीत हवेचा बुडबुडा निघाला. म्हणजे हातांचा फरक किती आणि मण्यांचा किती हे वेगळं काढता आलं. पण हेही सांगते, सीबीआर जुळवायची सवय असलेल्या मुलांनी बुडबुडा पहिल्यांदा शोधला तो त्या दिवशी. एरवी ८.३ चं ७.८ खोडरबरानं झालं असतं.

निफाडचा_गारठा

बीएस्सी केमिस्ट्री २००४, सध्या चार एकर द्राक्ष. ताई, तुमच्या त्या पोराला माझा रामराम सांगा, त्यानं मुद्द्याचं विचारलंय.

ब्रिक्स म्हणजे साखर असं आमच्याकडे सगळेच धरून चालतात. खरं तर रिफ्रॅक्टोमीटर बघतो तो प्रकाश किती वाकला ते. रसात विरघळलेलं सगळंच त्यात येतं, साखर जास्त असते म्हणून ती धरायची. आणि जानेवारीच्या पहाटे आमच्याकडे हातपाय आखडतात, तेव्हा २० अंशाला जुळवलेलं यंत्र बागेत धरलं तर आकडा हलणारच. आता तापमानाची दुरुस्ती आपोआप करणारी यंत्रं मिळतात, पण जुनी अजून पुष्कळांच्या खिशात आहेत.

मण्यात पाणी उतरलं की तिथून साखर चढते आणि आम्ल उतरतं. उतरतं त्यात मोठा वाटा मॅलिकचा. मणी श्वसनात ते जाळतो, ऊन जास्त तर जास्त जाळतो. टार्टारिक त्या मानानं टिकून राहतं. म्हणून गारठ्याच्या साली ब्रिक्स चांगला लागूनही द्राक्ष आंबट लागतं, आणि व्यापारी म्हणतो माल कच्चा आहे. जिभेला कळतो तो साखर आणि आम्ल यांचा भागाकार. खरड छाटणी, गोडी छाटणी, थंडीत मणी तडकू नयेत म्हणून पेटवलेल्या शेकोट्या, ह्या सगळ्याचा हिशेब त्या भागाकारात उतरतो. माझ्या बीएस्सीत हे कोणी सांगितलं असतं तर मी मागच्या बाकावर बसलो नसतो. (बसलोच असतो बहुतेक.)

अंबडची_रात्रपाळी

अंबड एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला आहे. फ्रेशर्सच्या मुलाखती घेतो. टायट्रेशन सगळ्यांना येतं. मी फक्त एवढं विचारतो की गोदामात ४० पिंपं आली आहेत, सॅम्पल कसं घेणार? समोरचा गप्प. कारण कॉलेजात सॅम्पल आकाशातून पडतं, बाटलीवर 'अ' किंवा 'ब' लिहून. ताईंच्या प्रयोगातली सगळ्यात मोलाची गोष्ट मला पीएचचा आलेख वाटत नाही, खांदा आणि शेंडा वाटते.

दुसरं, रीडिंग ढकलायची सवय कंपनीत फार महाग पडते. तिथे शेजारचा गट नसतो.

टीवाय_बी_बॅच

मी विद्यार्थी आहे, इथे पहिल्यांदाच लिहितोय. सांभाळून घ्या.

आम्हाला 'पितळेतील तांबे' असा प्रयोग आहे. बाटलीवर 'ब्रास' लिहिलेलं असतं, पण आत कॉपर सल्फेट आणि झिंक सल्फेटचं पाणी, लॅबमधल्या काकांनी सकाळी बनवलेलं. म्हणजे पितळ कोणी पाहिलेलंच नाही. आम्ही चौघांनी सरांची परवानगी काढली आणि भांडी बाजारातून एका दुकानदाराकडून पितळेचा कीस आणला. त्यांनी पैसे घेतले नाहीत, उलट विचारलं, कळलं की आम्हालाही सांगा.

नायट्रिकमध्ये विरघळवल्यावर तांबूस वाफा निघाल्या, फ्यूम कपाटातच केलं. पुढे पोटॅशियम आयोडाइड घातलं, थायोसल्फेटनं टायट्रेट केलं, स्टार्चचा निळा गेला. झालं म्हणून रीडिंग लिहिलं तर दोन मिनिटांत परत निळा. परत थेंब, परत निळा. असं किती वेळा झालं ते मोजलं नाही. सरांनाही आधी कळेना. मग जुन्या पुस्तकात मिळालं की नायट्रिकमधून राहिलेले नायट्रोजनचे ऑक्साइड आयोडाइडचं आयोडीन करत राहतात. द्रावण युरिया घालून उकळायचं, ऑक्साइड जातात. बाटलीतल्या 'ब्रास'ला ही भानगडच नसते. युरिया घातल्यावर आकडा स्थिर आला, तांबं ६४ टक्क्यांच्या जवळ.

दुकानदारांना सांगायला गेलो तर म्हणाले, "ते आम्हाला रंगावरून कळतं, पण तुम्ही आलात ते बरं केलं." तिथेच एक आजोबा कल्हई लावत होते. तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकला की धूर निघतो आणि लगेच कथील पसरतं. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, तापला की अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक सुटतात, त्यानं वरचा ऑक्साइडचा थर निघतो. सॉल्ट ॲनालिसिसमध्ये मी अमोनियम क्लोराइड दहा वेळा ओळखलंय. ते कशाला वापरतात हे माहीत नव्हतं.

जर्नलमध्ये मात्र आम्ही बाटलीवालाच प्रयोग लिहिला. रिस्क कोण घेणार.

जुना_मास्तर

शाब्बास. युरियाची गोष्ट माझ्या गुरूंनी मला १९७८ साली सांगितली होती आणि मी ती पुढे कोणाला सांगितली नाही, कारण गरजच पडली नाही. जर्नलमध्येही लिही बेटा, शेवटी 'निरीक्षण' म्हणून एक पान जोड. एक्सटर्नल शहाणा असेल तर तेच पान आधी वाचेल.

पेट्रीडिश

सूक्ष्मजीवशास्त्रवाली आहे, तेव्हा थोडी कुरकुर. 'आंतरशाखीय' म्हणून केमिस्ट्रीची मंडळी आमच्याकडे येतात ती गोदावरीचं पाणी घेऊन. काल संध्याकाळी रामकुंडावरून कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरलेलं, अर्धी बाटली हवा, रात्रभर होस्टेलच्या खिडकीत. आणि म्हणतात, ह्यातल्या विरघळलेल्या ऑक्सिजनचं प्रमाण काढू या. काय काढणार? त्यातल्या जिवाणूंनी रात्रभर खाल्ला आणि वरच्या हवेनं परत भरला.

विंकलरची पद्धत १८८८ ची आहे आणि तिचं सगळं शहाणपण नदीकाठीच आहे. काचेच्या बुचाची बाटली बुडबुडा न ठेवता भरायची, तिथेच मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड घालायचं. तपकिरी साका आला म्हणजे ऑक्सिजन बांधला गेला. साका पांढराच राहिला तर समजा की पाण्यात ऑक्सिजन नाही. बाकी आम्ल घालणं आणि थायोसल्फेट लॅबमध्ये सावकाश. बीओडी (पाण्यातले जिवाणू किती ऑक्सिजन खातात ते) करायचा तर आपल्याकडे २७ अंशाला ३ दिवस ठेवायचं असतं. परदेशी पुस्तकातलं २० अंशाला ५ दिवस वाचून कोणी आमच्या इन्क्युबेटरचं तापमान बदलू नये, प्लीज. आंघोळीच्या पाण्याचा निकष आहे ऑक्सिजन लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा जास्त, बीओडी ३ किंवा कमी, आणि कोलिफॉर्म जिवाणू १०० मिलीत ५०० पर्यंत. तिसरा आकडा तुमच्या ब्युरेटमधून येत नाही, त्याला आमच्याकडेच यावं लागतं. सिंहस्थ जवळ आला की सगळ्यांना नदी आठवते, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. पद्धत तपासायला आम्ही नळाचं पाणी हवेत भरपूर घुसळून त्यातला ऑक्सिजन मोजला. २५ अंशाला तक्त्यात ८.३ च्या आसपास दिलेलं, मुलांना ७.६ येत होतं. सगळे थायोसल्फेटला नावं ठेवायला लागले, द्रावण दोनदा नव्यानं केलं. फिजिक्सचे एक सर स्टाफरूमकडे निघाले होते, दारातूनच म्हणाले, "नाशिक समुद्रसपाटीपासून किती उंच आहे?" जवळजवळ ६०० मीटर. हवेचा दाब ७ टक्क्यांनी कमी, हेन्रीच्या नियमानं ऑक्सिजनही तितकाच कमी, म्हणजे ७.७. तक्ता समुद्रकाठचा होता. थायोसल्फेटची माफी मागितली.

पायथ्याशी

पांडवलेण्यांच्या बाजूला राहतो, दगडांचा नाद आहे. भूगोल-भूगर्भवाल्यांकडूनही एक घ्या. आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट नावाची खनिजं मिळतात. ज्यांनी बघितले नसतील त्यांनी सिन्नरचं गारगोटी संग्रहालय बघावं. परीक्षानळीत स्टिलबाइट या झिओलाइटचा तुकडा तापवला की नळीच्या थंड टोकाला पाण्याचे थेंब जमतात. क्रॉनस्टेट नावाच्या स्वीडिश माणसानं १७५६ साली हे बघूनच 'उकळणारा दगड' अशा अर्थाचं नाव ठेवलं. सूत्रावरून पाणी सुमारे १८ टक्के भरतं, क्रुसिबल आणि वजनकाटा असेल तर पडताळता येतं.

फसलेलं सांगा म्हणालात म्हणून लिहितो. झिओलाइट पाणी मृदू करतो असं पुस्तकात असतं, तर भाचीच्या प्रोजेक्टसाठी आम्ही स्टिलबाइटची पूड बोअरच्या पाण्यात रात्रभर हलवली आणि ईडीटीएनं टायट्रेशन करून कठिणता मोजली. जैसे थे. भाची रडकुंडीला. मग सूत्र नीट वाचलं, त्या स्टिलबाइटमध्ये आधीच कॅल्शियम ठासून भरलेलं आहे. तो दुसऱ्याचं कॅल्शियम कशाला घेईल? पुस्तकातला झिओलाइट सोडियमचा. तिनं प्रोजेक्टचं शीर्षक बदललं, 'स्टिलबाइट पाणी मृदू का करत नाही?' आणि बक्षीस मिळालं नाही.

तिरकस

सगळं वाचलं, छान छान. आता जमिनीवर या. मी सीएचबीवर शिकवतो, तासाचे पैसे, तेही कधी येतील ते येतील. २४ मुलांची बॅच, चालू ब्युरेट ९, त्यातल्या ३ गळक्या. लॅब अटेंडंट एक, तो पण दोन डिपार्टमेंटला वाटलेला. कोर्स संपवायचा दट्ट्या वेगळा. मी द्राक्ष पिळत बसलो तर रसायनाचा खर्च कोणी मंजूर करायचा, आणि अपघात झाला तर उत्तर कोणी द्यायचं? कायम नोकरीतल्या लोकांना 'आंतरशाखीय' परवडतं. बाकीच्यांना सीबीआर बरा, तासात बसतो.

अंबडची_रात्रपाळी

+१. कडू आहे पण खरं आहे.

कोनिकल

तिरकस, तुमच्याशी वाद नाही. मी कायम आहे म्हणूनच हे करू शकले, हे मान्य. म्हणून सगळे प्रयोग बदला असं मी म्हणतच नाही. बारातला एक बदलला, तोही रसायनांचा खर्च न वाढवता. सोडा तोच, दर्शक तोच, ऑक्झॅलिकच्या जागी द्राक्षं. प्रमाणीकरणाचा प्रयोग आदल्या आठवड्यात होतोच, तेच द्रावण वापरलं. गळक्या ब्युरेटवर माझ्याकडेही उपाय नाही.

पुढच्या सत्रात कांदा घ्यायचा विचार आहे. कांदा कापला की पेशींतले कप्पे फुटतात, ॲलिनेज नावाचं एन्झाइम गंधकाच्या संयुगांवर काम करतं आणि सोबत पायरुव्हिक आम्ल तयार होतं. पायरुव्हिक जितकं जास्त तितका कांदा तिखट. १९६१ सालापासून तिखटपणा मोजायची हीच पद्धत चालू आहे. डोळ्यात पाणी आणणारा रेणू आपोआप बनतो असंच आधी मानत होते, त्याच्यासाठी वेगळं एन्झाइम आहे हे जपानी संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं. आणि पायरुव्हिक ओळखायला लागतं काय, तर आपली २,४-डीएनपी! ऑरगॅनिकमध्ये कीटोनच्या टेस्टला जिचा नारिंगी साका बघून मुलं 'कार्बोनिल आहे' लिहितात तीच. सोडा घातला की रंग गडद होतो, कलरीमीटरवर ४२० नॅनोमीटरला वाचायचा, सोडियम पायरुव्हेटचा प्रमाण-आलेख काढायचा. अर्धे कांदे आधी अख्खे उकळायचे, म्हणजे एन्झाइम मरतं. त्यांचं पायरुव्हिक वजा केलं की कापल्यामुळे बनलेलं तेवढं हाती येतं.

प्रश्न मुलांनी ठरवलाय. कांदाचाळीत चार महिने राहिलेला उन्हाळ कांदा तिखट, की नुकता निघालेला लाल? उत्तर आधी कुठे शोधायचं नाही असं कबूल करून घेतलंय.

पेट्रीडिश

एन्झाइम मेलं की नाही ते कसं कळणार? उकळायची वेळ ५, १०, १५ मिनिटं अशी बदलून बघा. मोठ्या कांद्याचा गाभा गरम व्हायला वेळ लागतो.

टीवाय_बी_बॅच

मॅडम, दुसऱ्या कॉलेजातल्या मुलांना यायला चालेल का? आम्ही कांदे कापू.

कोनिकल

चालेल. प्राचार्यांना पत्र देते. ॲप्रन आणि गॉगल आणा, कांद्यासाठी नव्हे, डीएनपीसाठी.

जुना_मास्तर

डीएनपीची बाटली किती जुनी आहे? कोरडी पडली असेल तर झाकण फिरवू नका. कोरडी डीएनपी घर्षणानं भडकू शकते, ती ओलीच ठेवायची असते. आटे चढलेल्या झाकणात तिचे कण अडकलेले असतात. मी शनिवारी दहाला येतो, तोवर कपाटाला हात लावू नका. हात बसवायचं तेही तेव्हाच बघू.

निफाडचा_गारठा

उन्हाळ आमच्या चाळीतला देतो, लाल मेव्हण्याच्या शेतातून आणतो. दोन्ही पिशव्या शुक्रवारी संध्याकाळी गेटवर ठेवतो. रात्रपाळीवाल्या भाऊंनी वरती दम भरलाय म्हणून चाळीच्या वरच्या, मधल्या आणि बुडाच्या थरातून वेगवेगळे काढतोय, पिशवीवर चिठ्ठी असेल. बुडाच्यातले दोन-तीन सडके निघतील, तेवढे वगळा. की ते पण मोजायचे?